खंडाने घेतलेलं रान

मसाई मारातल्या धावपट्टीवर विमान टेकायच्या आधी खालून एक लँड क्रूझर सुसाट धावत जाते. पट्टी मोकळी करायला. झेब्रे, टोपी नावाची हरणं, एखादं वॉर्टहॉगचं कुटुंब मुरमावर उभं असतं. गाडीची एक फेरी झाली की ती बाजूच्या गवतात सरकतात आणि विमान उडून गेलं की परत जागेवर येतात. विमानतळ म्हणजे मुरमाचा पट्टा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, एक छपरी आणि तिच्या सावलीत आपापल्या पाहुण्यांची वाट बघणारे ड्रायव्हर. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून निघालेलं छोटं सेसना कॅरव्हॅन एस्टीसारखं थांबे घेत येतं. केकोरोक, ओल किओम्बो, मुसिआरा. कोण कुठे उतरणार त्यावर क्रम ठरतो. सामान माणशी १५ किलो, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग चाकांची कडक नको, कारण विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात ती कोंबावी लागते.

दुसरा मार्ग रस्त्याचा, पाच-सहा तासांचा. नैरोबी सोडल्यावर जमीन एकदम तुटते आणि खाली रिफ्ट व्हॅलीचं खोरं पसरतं. घाटाच्या पायथ्याला दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं इवलंसं चर्च आहे. हा घाटरस्ताही त्यांच्याच हातचा. माई माहिऊच्या टपऱ्यांवर ट्रकवाले चपाती आणि चहा घेताना दिसतात. पुढे नारोकच्या आसपास दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, मैलोन्‌मैल. मग शेतं संपतात, तारेची कुंपणं दिसतात, मग तीही विरळ होतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांना त्याआधी पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते, निदान दहा दिवस आधी. पिवळं कार्ड नसेल तर परत येताना मुंबईत सहा दिवस विलगीकरणात बसवू शकतात. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नेता येत नाहीत. केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि ती तिथे खरोखर पाळली जाते, याचं मराठी प्रवाशाला पहिल्यांदा नवल वाटतं.

आमचा कॅम्प नाबोइशो कन्झर्व्हन्सीत होता, म्हणजे मसाई मारा राखीव क्षेत्राच्या ईशान्येला, हद्दीबाहेर. कॅम्पला फाटक नव्हतं. गवतातली चाकोरी एका बाभळीखाली संपली आणि तिथे ट्रे घेऊन माणसं उभी होती. ट्रेमध्ये लिंबाच्या वासाचे थंडगार टॉवेल. तोंड पुसल्यावर टॉवेल विटकरी होतो. मग पॅशनफ्रूटचा रस, मग ‘करिबू’चा, म्हणजे स्वागताचा गजर, आणि रस संपायच्या आत एक छापील फॉर्म. परिसरात वन्यप्राणी मोकळे हिंडतात, कुंपण नाही, आणि काही झालं तर जबाबदारी पाहुण्याची, असा त्याचा मथितार्थ. आमच्याबरोबर पुण्याचं एक निवृत्त जोडपं होतं. काकांची हयात बँकेत गेलेली. त्यांनी फॉर्म पुढून-मागून वाचला, चष्मा काढला आणि मॅनेजरबाईंना म्हणाले, “यात तुमच्या बाजूचं एकही कलम नाही.” बाई हसल्या आणि त्यांनी पेन पुढे केलं. काकांनी सही केली, पण खाली तारखेबरोबर वेळही टाकली.

नंतरच्या सूचना थोड्या होत्या. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. टॉर्च हलवायचा, अस्कारी, म्हणजे रात्रीचा राखणदार येईल, त्याच्याबरोबर चालायचं. तंबूची चेन कायम खालपर्यंत ओढायची, कारण माकडांना वरची अर्धी उघडी चेन पुरते. आणि तंबूत खायचं काहीही ठेवायचं नाही. या शेवटच्या सूचनेवर काकूंचा चेहरा पडला. बेसनाच्या लाडवांचा एक स्टीलचा डबा आणि कापडी पिशव्यांत बांधलेल्या दशम्या त्यांनी पंधरा किलोंत बसवून आणल्या होत्या. डबा मेसमध्ये जमा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टेबलावर कॅम्पच्या बिस्किटांशेजारी चिनी मातीच्या बशीत, खाली जाळीचा रुमाल घालून, ते लाडू हजर झाले. एका बेल्जियन गृहस्थांनी दोन उचलले. काकू त्या बशीपासून शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

हा सगळा थाट, म्हणजे कॅनव्हासचा तंबू आणि आत चार पायांचा पलंग, पहाटे तंबूच्या दाराशी येणारा चहा, संध्याकाळी शेकोटीभोवती खुर्च्यांचं कडं, शिकाऱ्यांचा वारसा आहे. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इथे आले तेव्हा अडीचशेच्या आसपास हमाल डोक्यावर सामान घेऊन त्यांच्यामागून चालत होते. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. नुसतं बसून बघायला पैसे देणारा पाहुणा त्या मानाने नवा. त्याची एक जुनी जागा १९३२ मध्ये न्येरीजवळ झाडावर बांधलेलं ट्रीटॉप्स. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला असताना त्या रात्री इंग्लंडात त्यांचे वडील वारले. सोबतीला होते आपले कुमाऊंचे जिम कॉर्बेट. भारताच्या स्वातंत्र्याच्या वर्षी ते बहिणीसह न्येरीला जाऊन राहिले आणि १९५५ मध्ये तिथेच वारले. दरम्यान १९५४ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळून टाकलं होतं. केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली १९७७ मध्ये. बंदुका गेल्या. पलंग, चहा आणि शेकोटी राहिली.

पण कॅम्पमध्ये राहताना मला जास्त कुतूहल होतं ते पायाखालच्या जमिनीचं. ताडोब्याला मोहर्लीच्या फाटकाबाहेर रिसॉर्ट असतात, आत जंगल; रेघ स्पष्ट. इथे आपण जंगलातच झोपतो आणि ते जंगल सरकारी नाही. गवताचा प्रत्येक तुकडा कुणा ना कुणाच्या नावावर आहे, अगदी सातबाऱ्याला असावा तसा.

१९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी इथल्या मसाई पशुपालकांना उत्तरेच्या चांगल्या कुरणांतून दक्षिणेला हलवलं. १९६१ मध्ये मारा राखीव क्षेत्र नारोकच्या स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात आलं. आज ते सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवतीची जमीन मात्र मसाईंचीच राहिली, आणि १९६८ च्या कायद्याने ती ‘ग्रुप रँच’ म्हणून सामाईक नोंदली गेली. ही सामाईक गायरानं पुढे वाटली जाऊ लागली. नाबोइशोच्या भागात वाटणी या शतकाच्या सुरुवातीची. माणशी साधारण दीडशे एकर.

दीडशे एकर म्हटल्यावर आपल्याकडचा शेतकरी डोळे विस्फारील. पण इथे पाऊस आज या टेकडीवर, तर पुढल्या आठवड्यात त्या ओढ्यापलीकडे पडतो. गुरांना पावसामागे जावं लागतं. तुकडा कितीही मोठा असला तरी त्याच्यावर पाऊसच पडला नाही तर गाय काय खाणार? सामाईक होतं तोवर रान पुरत होतं. कागद हातात आला आणि ते अपुरं झालं. मग लोकांनी ओळखीचे मार्ग धरले. कुणी तुकडा विकला, कुणी गव्हासाठी दिला, कुणी तारेचं कुंपण घातलं. कुंपणं वाढली तशा वन्यप्राण्यांच्या वाटा तुटल्या. स्थलांतर म्हटलं की सगळे सेरेंगेटीतून येणाऱ्या विल्डबीस्टच्या महापुराबद्दल बोलतात. पण लोइता मैदानांतून माराकडे येणारं एक दुसरं, इथलंच स्थलांतर होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त जनावरं कमी झाली आहेत.

कन्झर्व्हन्सी हा या वाटणीवरचा उतारा. तो प्राणिप्रेमातून आला असं सांगतात, पण मला तो सरळ खंडाचा व्यवहार वाटला, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. शेजारशेजारच्या तुकड्यांचे मालक एकत्र येतात आणि आपली जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने एकगठ्ठा खंडाने देतात. पर्यटन कंपन्या दर एकरी ठराविक रक्कम भरतात. ती दरमहा थेट मालकाच्या खात्यात जाते, पाहुणे आले तरी आणि न आले तरी. त्या बदल्यात मालक आपली वस्ती कडेला हलवतो, कुंपण घालत नाही, नांगर लावत नाही आणि ठरलेल्या पाळीनेच गुरं आत सोडतो. ओल किन्येई २००५, ओलारे ओरोक २००६, मारा नॉर्थ २००९, नाबोइशो २०१०, अशी ही साखळी उभी राहिली. नाबोइशो सुमारे ५०,००० एकर, मालक पाचशेहून जास्त. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने कन्झर्व्हन्सीला जमिनीचा रीतसर वापर म्हणून मान्यता दिली, तोवर यातल्या बऱ्याच उभ्याही राहिल्या होत्या.

हे कळलं की लॉजमधल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. तंबू इतके कमी का? कारण एका तंबूमागे किमान साडेतीनशे एकर मोकळं रान हवं, असा इथला दंडक. भाडं इतकं चढं का? कन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पमध्ये माणशी रात्रीचे चारशे-पाचशे डॉलर ही सुरुवात आहे, आणि हजारावर जाणारे पुष्कळ. आपण पलंगाचे आणि तीन ठाव जेवणाचे पैसे देतोय असं वाटतं, पण बिलातला मोठा वाटा साडेतीनशे एकरांवर काहीही न करण्याचा मोबदला असतो. गव्हाचं पीक न काढण्याचा.

बहुतेक मराठी सहली अर्थातच इथे येत नाहीत. त्या राखीव क्षेत्रातल्या किंवा त्याच्या फाटकाजवळच्या मोठ्या लॉजवर उतरतात. तिथे विजेचं कुंपण असतं, शंभरेक पाहुण्यांचं बुफे, आणि त्यात डाळ, भात, दोन भाज्या हमखास. गुजराती आणि जैन पाहुण्यांच्या जोरावर तिथले केनियन आचारी बिनकांद्याची डाळ न विचारता करतात. ज्यांना सकाळी भरपूर गरम पाणी आणि रात्री निर्धास्त झोप हवी त्यांनी तिथेच जावं. यात कमीपणा काही नाही. मारातल्या सिंहांना आपण कुठल्या लॉजवरून आलो ते कळत नाही.

तंबूतली रात्र मात्र वेगळीच.

जेवण आटोपून अस्कारीमागून चालायला लागलं की आधी फक्त त्याच्या टॉर्चचं वर्तुळ दिसतं. तो गप्प असतो. प्रकाश वाटेवर टाकत नाही, तर दोन्ही बाजूंना, गवताच्या उंचीवर फिरवतो. डोळे चमकतात का ते बघायला. हिरवट जोड्या दिसल्या की तो क्षणभर थांबतो, “इम्पाला” म्हणतो आणि पुढे निघतो. त्याच्या हातात भाला असतो. अंगावरच्या लाल शुकाखाली, म्हणजे मसाई चादरीखाली, जाडजूड जॅकेट, कारण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि जुलैतली रात्र अंगात शिरते. मी विचारलं, सिंहाची भीती वाटत नाही? तो म्हणाला, सिंह आपल्याला बघून बाजूला होतो. म्हातारा एकटा रेडा होत नाही. त्याला गवा म्हणावं की रानरेडा, आफ्रिकेतला केप बफेलो तो. कळपातून बाहेर पडलेले असे नर कॅम्पच्या आसपास राहतात, कारण माणसांच्या वावराने सिंह जरा लांब राहतो. म्हणजे आमच्यामुळे त्याला आसरा आणि त्याच्यामुळे आम्हाला अस्कारी.

पलंगावर पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असते. तिच्यावर पाय टेकून पडलं की एकेक आवाज कळू लागतो. लांबून तरसाची वर चढत जाणारी हाक. मग झाडावरून कुणीतरी गळा आवळावा अशी किंकाळी, पुन्हा पुन्हा. सकाळी कळतं, तो सशाएवढा ट्री हायरॅक्स. त्याला एवढा आवाज कशासाठी दिलाय देव जाणे. सिंहाची डरकाळी म्हणून आपण जी चित्रपटात ऐकतो तशी ती नसते; खोल, खाकरल्यासारख्या कण्हण्याची ती मालिका असते. आठ-आठ किलोमीटरवरून येऊ शकते, त्यामुळे अंतराचा अंदाज लागत नाही. आणि मध्यरात्रीनंतर अगदी कानाशी, कापडापलीकडे, गवत उपटल्याचा आवाज. कर्र, मग चावणं, मग एक सुस्कारा. पुन्हा कर्र. मधे फक्त कॅनव्हास. गाइड लोक सांगतात की जनावरांना तंबू एक भरीव ढेकूळ वाटतो, आत पोकळी आहे आणि तिच्यात तुम्ही आहात हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्या वेळी या माहितीचा फारसा उपयोग होत नाही. काकांनी सकाळी सांगितलं की त्यांनी घड्याळ लावून मोजलं, रेडा चाळीस मिनिटं चरत होता. काकू म्हणाल्या, “आणि हे चाळीस मिनिटं श्वास रोखून होते.”

साडेपाचला कुणीतरी बाहेरून हलक्या आवाजात “जांबो” म्हणतं आणि चहाचा ट्रे येतो. उजाडता उजाडता गाडी निघते. आमचा गाइड इथलाच, मसाई, कोइयाकीच्या गाइड प्रशिक्षण शाळेत शिकलेला. ही शाळा २००५ मध्ये स्थानिक मुला-मुलींना या कामासाठी तयार करायला सुरू झाली. छातीवर केनियाच्या सफारी गाइड संघटनेचा रौप्य बिल्ला. तो दुर्बीण क्वचितच वापरे. टोपी हरणांचा एक कळप एकाच दिशेला तोंड करून ताठ उभा दिसला. त्याने गाडी वळवली, आणि तीनेकशे मीटरवर झुडपाखाली दोन सिंहिणी आणि त्यांची पिल्लं होती. आमच्याआधी तिथे एक गाडी उभी होती. कन्झर्व्हन्सीत एका जनावरापाशी पाचाहून जास्त गाड्या लावायच्या नाहीत, असा नियम आहे. सहावी आली तर लांब थांबते, रेडिओवर पाळी मागते.

मग आम्ही एक दिवस राखीव क्षेत्रात, मारा नदीकाठी गेलो. तिथलं प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे. विल्डबीस्ट पलीकडच्या काठावर हजारोंनी जमले होते आणि अलीकडे गाड्या जमल्या होत्या. किती ते मोजायचा मी नाद केला नाही. रेडिओ किंचाळत होते. जनावरं काठाशी यायची, पाण्याकडे बघायची, मागे फिरायची. दोन-अडीच तासांनी पहिलं पाण्यात पडलं आणि त्या क्षणी अलीकडच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली. दृश्य भव्य होतं, नाही म्हणणार नाही. पण मला त्या धुराळ्यात कळपांपेक्षा आम्हीच जास्त ठळक दिसत होतो. उतरण्याची जागा जनावरांना मोकळी ठेवायची, हा साधा नियमही तिथे दोन गाड्या मोडत होत्या.

कन्झर्व्हन्सीची मांडणी निर्दोष आहे असं मात्र नाही. जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा नावं लागली ती बहुतांश पुरुषांची. खंडही त्यांच्याच खात्यात जातो; विधवा, लेकी आणि वाटणीत ज्यांना काहीच आलं नाही ते बाहेर. वस्त्या कडेला सरकल्या तशी तलेकसारखी गावं फुगली. तलेक नदीच्या काठालगतच्या कॅम्पची गोष्ट आणखी वेगळी. पाहुण्याला पलंगावरून पाणघोडे दिसावेत म्हणून तंबू थेट पाण्याजवळ नेलेले. १ मे २०२४ च्या सुमारास तलेक फुगली आणि अनेक कॅम्प पाण्याखाली गेले. पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

आणि सगळा डोलारा पाहुण्यांवर उभा. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली. “आले तरी आणि न आले तरी” हे कलम तेव्हा कसाला लागलं. काही ठिकाणी खंड निम्म्यावर आला, काही ठिकाणी कंपन्यांनी आणि संस्थांनी कर्ज काढून तो भरला. मालकांनी गुरं वाढवली. एका बाबतीत त्यांचं शहाणपण दिसलं: बहुतेकांनी जमीन मोडली नाही.

शेवटच्या दुपारी गाइडने गाडी एका उंचवट्यावर घेतली आणि बोनेटवर डबे उघडले. उत्तरेकडे बोट करून तो म्हणाला, ते दोन वाळके ओढे मिळतात ना, तिथून अलीकडे आमचं. वडिलांच्या नावावर. वडील गेल्या वर्षी वारले होते.

“मग आता खंड कुणाला?” काकांनी विचारलं. बँकेतला माणूस.

“सध्या थोरल्या भावाच्या खात्यात येतो. आम्ही सात भाऊ, दोन आया.”

“आणि करार संपला की?”

त्याने जरा वेळ डब्यातलं उकडलेलं अंडं सोललं. दोन भाऊ नारोकला असतात, म्हणाला, ते गव्हाला द्या म्हणतात. ठेकेदार दोन वर्षांचे पैसे आगाऊ देतो. एकाला कुंपण घालून गाई ठेवायच्यात. थोरल्याला खंडच चालू हवा. वाटणी केली तर एकेकाला वीस-एकवीस एकर येतील, आणि तेवढ्या तुकड्याला कन्झर्व्हन्सी नाही म्हणणार नाही, पण महिन्याचे पैसे इतके थोडे होतील की नारोकचे भाऊ ऐकणार नाहीत.

“बहिणी?” काकूंनी विचारलं.

“तीन आहेत,” तो म्हणाला. कायद्याने त्यांचाही हिस्सा लागतो हे त्याला ठाऊक होतं. थोरल्या भावाने त्यांच्याकडे अजून विषय काढला नव्हता. धाकटी एका कॅम्पच्या स्वयंपाकघरात होती आणि वकिलाकडे जाऊन आली होती.